तक्त्यातली तेरा मुलं

सकाळी ८.३०

जूनमध्ये गुलमंडीवर गाडी लावायची असेल तर साडेआठच्या आत पोचावं लागतं. त्यानंतर पैठण गेटकडून येणारं अख्खं शहर गणवेश, दप्तरं आणि वह्यांच्या मागे असतं, आणि सुपारी हनुमानापाशी दोन रिक्षा समोरासमोर आल्या की दहा मिनिटं कुणीच हलत नाही. आमच्या त्रैमासिकाची खोली कपड्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, आणि या दिवसांत त्याच्या अर्ध्या पायऱ्यांवर दुकानाचे गठ्ठे. शिक्षणशास्त्रातलं संशोधन छापणारं नियतकालिक विद्यापीठाच्या आवारात, लेण्यांच्या डोंगराकडे तोंड करून बसलेलं असावं, असं पाहुण्यांना वाटतं. पण अंक काढायला जे लागतं ते सगळं या दोन-तीन गल्ल्यांत मिळतं: कागद, डीटीपी, बाइंडिंग, कुरिअर. आणि या गावात गंभीर नियतकालिकं लहान जागांतूनच निघत आली आहेत. मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ इथलंच, आणि गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ वर्षानुवर्षं याच शहरातून चालवलं.

अध्यापक महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर संपादनाचं हे काम अंगावर घेतलं. दिवसाची सुरुवात मेलमध्ये आलेल्या नव्या लेखांनी होते. पहिल्या वाचनात मी लेख चांगला की वाईट हे बघतच नाही. चार प्रश्नांची उत्तरं शोधते. अभ्यास कोणत्या इयत्तेवर, किती मुलांवर, कोणत्या महिन्यांत झाला, आणि जी चाचणी किंवा प्रश्नावली वापरली ती सोबत जोडली आहे का? चौथ्या प्रश्नाशी निम्मे लेख अडखळतात. ‘संशोधकनिर्मित चाचणी वापरण्यात आली’ एवढं वाक्य असतं, चाचणी नसते. म्हणजे गुण दिसतात, पण मुलांना काय विचारलं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. असा लेख परीक्षकाकडे पाठवणं म्हणजे त्याचा वेळ फुकट घालवणं. मी त्याच दिवशी दोन ओळींत परत पाठवते: चाचणी जोडा, मग पाहू.

शीर्षकात ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०’ आणि आत त्या दस्तऐवजाचा गोषवारा असे लेखही रोज येतात. धोरण सगळ्यांनी वाचलंय. ते तुमच्या शाळेत उतरताना काय झालं ते लिहा, असं कळवते. बहुतेकांचं उत्तर येत नाही.

सकाळी ९.१५

आता कंटाळवाणं काम: फाइली उघडून फाँट बघायचा. नियमावलीत ‘लेख युनिकोडमध्येच पाठवावा’ हे ठळक टाइपात आहे, तरी अजून कृतिदेव आणि श्रीलिपी येतातच. लोकांना वाटतं हा आमचा हट्ट आहे, छापखान्याच्या सोयीसाठी. खरं कारण वेगळं आहे. जुन्या फाँटमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलीच्या पोटात रोमन अक्षरांची खिचडी असते. वाङ्‌मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या खिचडीसारखं जगात काही सापडत नाही आणि ते इमानदारीने शून्य टक्के साम्य दाखवतं. मग तोच अहवाल लेखासोबत अभिमानाने जोडलेला येतो. तीच फाइल युनिकोडमध्ये बदलून पुन्हा घातली की कधी कधी अर्धं पान लाल होतं.

आकड्याचीही पूजा करू नये. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य ज्ञानातलं किंवा योगायोगाचं साम्य मोजायचंच नसतं. पण हे दहा टक्के नेमके निष्कर्षाच्या परिच्छेदातले असले तर? आणि पंचवीस टक्के निघाले, पण ते शासन निर्णयातल्या व्याख्यांचे असले तर? त्यामुळे लाल रंगाखाली काय आहे ते वाचावंच लागतं. मी आणि आमचे सहसंपादक सर, दोघंही वाचतो.

सकाळी १०.००

दहा वाजता फोन सुरू होतात.

‘मॅडम, लेख पाठवलाय. सर्टिफिकेट कधी मिळेल?’

‘लेख परीक्षकांकडे जाईल. दोन-अडीच महिने धरा.’

‘एवढे? दुसरीकडे तीन दिवसांत देतात. तुमची फी किती?’

‘फी नाही.’

यावर पलीकडे जी शांतता पसरते ती संशयाची असते. फी नाही म्हणजे नियतकालिक खरं नसणार, असा त्यांचा हिशेब.

या माणसावर मी चिडत नाही, कारण हा बाजार त्याने उभा केलेला नाही. २०१० च्या यूजीसी नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला गुणांचा तक्ता जोडला आणि शोधनिबंध मोजायची वस्तू झाला. मोजायची वस्तू विकायलाही येते. २०१७ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची यादी केली. मे २०१८ मध्ये त्यातून ४,३०५ नावं काढावी लागली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख ‘करंट सायन्स’मध्ये आला. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांचा नमुना त्यांनी तपासला होता आणि ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं अगदी किमान निकषांनाही उतरत नव्हती. मग २०१९ पासून ‘केअर’ यादी आली, तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही बंद केली. आता आठ गटांत ३६ सूचक निकष आहेत आणि नियतकालिक कसलं आहे हे ज्या त्या संस्थेने आपलं आपण ठरवायचं आहे. मला हे बरंच वाटलं. यादी होती तेव्हा लोक यादीत नाव आहे का एवढंच विचारायचे, अंक उघडून कुणी बघत नव्हतं. आता निदान उघडावा लागेल.

पीएच.डी.साठी लेख छापून आणायची सक्ती नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी काढली. फोन त्यानेही कमी झालेले नाहीत.

आणि एक सांगून ठेवते. ‘आयएसएसएन मान्यताप्राप्त’ असं मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात छापलेलं दिसलं तर भारावून जाऊ नका. तो आठ अंकी क्रमांक दिल्लीहून मिळतो, मोफत मिळतो, आणि तो फक्त नियतकालिकाची ओळख सांगतो. गाडीला नंबर आहे म्हणून चालवणाऱ्याला गाडी येते असं नाही.

सकाळी ११.००

परीक्षणं उघडते. दिवसाचा खरा भाग हा.

आज एका लेखाची दोन्ही परीक्षणं आली आहेत. लेख जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षकाचा आहे. चौथीच्या वर्गात गटवाचनाचा उपक्रम घेतला, सप्टेंबरमध्ये पूर्वचाचणी, जानेवारीत उत्तर चाचणी, वीस गुणांची, प्रत्येक प्रश्नाला एक गुण. चाचणी जोडलेली होती, म्हणून पहिल्या छाननीत पुढे गेला. न्यादर्श ३४ मुलं. मध्यमान ९.४१ वरून १४.३३ वर गेलं. टी-मूल्य सार्थक. निष्कर्ष: गटवाचनामुळे आकलन वाढतं.

पहिल्या परीक्षकांनी पाच ओळी लिहिल्या आहेत. विषय उपयुक्त, भाषा ओघवती, संदर्भसूची एपीए पद्धतीने नाही, किरकोळ दुरुस्ती करून स्वीकारावा. अशा परीक्षणात चूक काहीच नसते आणि उपयोगही काही नसतो. लेखकाला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते कळतं.

दुसऱ्यांचं तीन पानी आहे. त्यांनी कॅल्क्युलेटर घेतलेला दिसतो. त्यांचा पहिला प्रश्न: उत्तर चाचणीचं मध्यमान १४.३३ आलंच कसं? एका प्रश्नाला एक गुण, अर्धा गुण कुठे नाही, म्हणजे सगळ्या मुलांच्या गुणांची बेरीज पूर्णांकात हवी. ३४ मुलांची बेरीज ४८७ असेल तर मध्यमान १४.३२ येतं. ४८८ असेल तर १४.३५. मध्ये १४.३३ ला जागाच नाही. ३४ मुलं कशीही बसवा, हा आकडा येत नाही.

ही पडताळणी निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी २०१६ मध्ये ‘ग्रिम’ या नावाने मांडली. मानसशास्त्रातल्या नावाजलेल्या नियतकालिकांतले लेख त्यांनी याच भागाकाराने तपासले, तेव्हा तपासता येण्याजोग्या लेखांपैकी साधारण निम्म्यांत निदान एक तरी अशक्य मध्यमान सापडलं. चौथीतला भागाकार लागतो, दुसरं काही नाही. तरी हे सुचायला २०१६ उजाडावं लागलं, याची मला गंमत वाटते.

दुसरा प्रश्न त्याहून बारीक. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात स्वाधीनता मात्रा २० लिहिली आहे. एकाच गटाच्या दोन चाचण्यांची तुलना असेल तर मुलांच्या संख्येतून एक वजा करायचा. ३४ मुलांना ३३ हवी. २० म्हणजे २१ मुलं. आणि २१ मुलांच्या गुणांची बेरीज ३०१ धरली तर मध्यमान येतं बरोबर १४.३३.

खाली परीक्षकांनी एकच ओळ लिहिली आहे: ‘उर्वरित तेरा मुले कोठे आहेत?’

सहसंपादक सरांनी कागदावर तोच भागाकार पुन्हा केला. बरोबर होता. ते म्हणाले, ‘बनवाबनवी असती तर ३३ लिहिले असते. हा माणूस खोटं बोलत नाहीये, याला सॉफ्टवेअरने काय केलं ते कळलेलं नाही.’ उत्तर चाचणीचे रकाने रिकामे दिसले की सॉफ्टवेअर त्या मुलांना न विचारता गाळतं आणि उरलेल्यांवर गणित करतं. पूर्वचाचणीचं मध्यमान वेगळं काढलं असणार, म्हणून ते सगळ्या ३४ मुलांचं राहिलं.

सर्वसाधारणपणे परीक्षण लेखकाला मेलने जातं, परीक्षकाचं नाव काढून. पण हा प्रश्न मला फोनवर विचारावासा वाटला. शाळा सुरू झाली आहे, तास चालू असेल. एक वाजेपर्यंत थांबले.

दुपारी १.१०

मधल्या सुट्टीत त्यांनी फोन उचलला. मागे खिचडीच्या ताटल्यांचा आवाज. ओळख सांगितली, विचारलं, ‘सर, उत्तर चाचणीला मुलं किती होती?’

थोडं थांबून ते म्हणाले, ‘मॅडम, एकवीस.’

‘मग तेरा?’

‘जानेवारीत पोरं राहतात कुठं आमच्याकडं? दिवाळी झाली की कारखाने पेटतात. उचल घेतलेली असते. आईबाप गेले की लेकरंही जातात. काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. तेरा गेली.’

बीड जिल्ह्यातली शाळा. ऊसतोडीला कोयता जातो म्हणजे नवरा-बायको मिळून जातात, आणि मागे घरात म्हातारं माणूस नसेल तर मूल फडावर जातं. हे मराठवाड्यात शिकवणाऱ्या कुणालाही नवीन नाही. लेखात मात्र त्याचा एक शब्द नव्हता.

‘लिहिलं का नाही?’

‘तसं लिहिलं तर लेख कच्चा वाटंल म्हणून. न्यादर्श आधी चौतीस धरलाय ना, मध्ये बदलायचा नसतो असं सांगितलं होतं.’

कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. असं सांगणारे आमच्यातच पुष्कळ आहेत.

गुणांची वही त्यांच्याजवळच होती. म्हटलं, जी एकवीस मुलं शेवटपर्यंत राहिली, त्यांचे सप्टेंबरचे गुण वाचा. ते वाचत गेले, मी इकडे मांडत गेले. बेरीज आली २३१, मध्यमान ११.००. मग गेलेल्या तेरांचे. बेरीज ८९, मध्यमान ६.८५.

दोघंही गप्प झालो, कारण दोघंही शिक्षक आहोत आणि हे आकडे काय सांगतात ते समजावून सांगायची गरज नव्हती. वाचनात जी मुलं आधीच मागे होती तीच गेली होती. ती गेल्यामुळेही वर्गाचं मध्यमान वर सरकलं. लेखात वाढ ४.९२ गुणांची दिसत होती. त्याच एकवीस मुलांची सप्टेंबर आणि जानेवारीची तुलना केली तर ती ३.३३ उरते. उपक्रम वाया गेला असं नाही. पण उरलेली सगळी वाढ उपक्रमाचीच असंही म्हणता येत नाही, कारण नियंत्रित गट नाही आणि चौथीतलं मूल चार महिन्यांत एरवीही थोडं पुढे जातंच.

मी त्यांना सांगितलं, लेख मोठ्या दुरुस्तीसाठी परत येईल. दोन्ही मध्यमानं वेगळी द्या. गेलेल्या मुलांचा स्वतंत्र तक्ता करा, नावं न घालता: कधी गेली, परत आली का, आल्यावर वाचन कुठे होतं. ‘गटवाचनामुळे’ हा शब्द निष्कर्षातून काढा, ‘गटवाचनाच्या काळात’ लिहा.

‘मग छापाल?’

‘परीक्षक पुन्हा बघतील.’ याहून जास्त बोलण्याचा अधिकार संपादकाला नसतो, आणि नसावा.

माझं मत विचाराल तर त्या लेखातला सगळ्यात मोलाचा मजकूर तोच आहे जो त्यांनी कमीपणा वाटून लपवला होता. गटवाचनावर शेकडो लेख आहेत. हंगामात कोणती मुलं वर्गातून जातात, याचे गुणांसकट आकडे एका शिक्षकाच्या वहीत पडून होते. पहिल्या परीक्षणावर लेख स्वीकारला असता तर संदर्भसूची नीट झाली असती आणि तेरा मुलं कायमची गेली असती.

दुपारी २.१५

डबा खाल्ला. चहावाले चाचा वर येत नाहीत, दोरीला किटली बांधून देतात.

जेवणानंतर नव्या लेखांना परीक्षक शोधायचे. आमची पद्धत दुहेरी अनामिकतेची: लेखक कोण हे परीक्षकाला कळू नये आणि परीक्षक कोण हे लेखकाला. कागदावर सोपं आहे. मराठवाड्यात शिक्षणशास्त्राची वस्ती इतकी छोटी आहे की ‘फुलंब्री तालुक्यातील आठ शाळा’ एवढं वाचून माणूस मार्गदर्शकाचं नाव सांगतो. म्हणून इथले लेख मी कोल्हापूर, नागपूर, गोव्याकडे पाठवते आणि तिकडचे इथे. लेखकाचं नाव पहिल्या पानावरून काढून भागत नाही. फाइलीच्या गुणधर्मात ते असतं, ‘माझ्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे’ या वाक्यात असतं, ऋणनिर्देशात तर पूर्ण कुटुंबासकट असतं. हे सगळं हाताने पुसावं लागतं.

दोन परीक्षकांपैकी एक तरी शाळेतला असावा, हा नियम मी घातला. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, कुणीही. सांख्यिकीतली चूक प्राध्यापक पकडतो. पण ‘इयत्ता दुसरीच्या विद्यार्थ्यांनी ४५ मिनिटांत ६० विधानांची पदनिश्चयन श्रेणी भरली’ या वाक्यावर शाळेतला माणूस हसतो, आणि त्याचं हसणं पुरेसं परीक्षण आहे.

परीक्षक मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. काम बिनपैशाचं, नाव कुठे छापत नाही, बढतीच्या गुणांत फारसं मोजलं जात नाही. चांगला परीक्षक एका लेखाला चार-पाच तास देतो. सकाळचं ते तीन पानी परीक्षण ज्यांनी लिहिलं, त्यांचे आभार मानायला जगात मी एकटीच आहे.

दुपारी ३.४५

नाकारलेल्या लेखाचे लेखक प्रत्यक्ष आले. सोबत प्राचार्य, कारण प्राचार्य सहलेखक आहेत. लेख पाहिला तर प्राचार्यांचा विषय रसायनशास्त्र. मी काही बोलले नाही. यूजीसीच्या २०१८ च्या तक्त्यात शिक्षणशास्त्रातल्या शोधनिबंधाला दहा गुण आहेत, आणि लेखक दोन असले तर प्रत्येकाला त्याचे सत्तर टक्के. म्हणजे एकट्याने लिहिला तर दहा, दोघांनी लिहिला तर मिळून चौदा. एवढं फायद्याचं भागाकाराचं गणित चौथीच्या पुस्तकातही नाही.

लेखकांचा राग परीक्षकावर होता. ‘ज्याला आमच्या विषयातलं कळत नाही त्याच्याकडे लेख दिलाच कसा?’ हा राग जुना आहे आणि मोठमोठ्यांना आला आहे. १९३६ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’च्या संपादकाने आइनस्टाइनचा गुरुत्वीय लहरींवरचा लेख परीक्षकाकडे पाठवला, तेव्हा आइनस्टाइनने संतापून लेख काढून घेतला. लेख छापायला दिला होता, दुसऱ्याला दाखवायला नव्हे, असा त्याचा सूर होता. परीक्षकाला दिसलेली चूक खरी होती. लेख पुढे दुसरीकडे छापला गेला तो निष्कर्ष बदलून. तेव्हा लेख बाहेर पाठवणं हा सर्रास नियम नव्हता, ‘नेचर’सारख्या नियतकालिकातही बाहेरचं परीक्षण सक्तीचं झालं ते १९७३ मध्ये. म्हणजे आपण ज्याला सनातन परंपरा समजतो ती माझ्या नोकरीहून फार मोठी नाही.

हे मी पाहुण्यांना सांगितलं नाही. आइनस्टाइनचं नाव काढलं की प्रत्येक नाकारलेला लेखक स्वतःला आइनस्टाइन समजतो. परीक्षकाचे मुद्दे पुढे ठेवले आणि म्हटलं, प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्या, मुद्दा चुकीचा असेल तर का चुकीचा ते लिहा, तिसऱ्या परीक्षकाकडे पाठवते. त्यांनी कागद घेतले. प्राचार्यांनी खाली जाऊन मुलीसाठी गणवेश घेतला असावा, खिडकीतून पिशवी दिसली.

सायंकाळी ५.००

संदर्भ तपासणी. पूर्वी यात पृष्ठक्रमांक आणि सालांच्या चुका निघायच्या. दोन-तीन वर्षांत नवा प्रकार आला आहे: संदर्भ दिसायला निर्दोष, लेखकाचं नाव ओळखीचं, नियतकालिक खरं, खंड आणि अंकही पटण्यासारखे, फक्त तो लेख कुणी कधी लिहिलेलाच नाही. यंत्राकडून मजकूर लिहून घेतला की ते असले संदर्भ गुंफून देतं. आज एका सूचीत खुद्द आमच्याच त्रैमासिकातला, आम्ही कधीही न छापलेला लेख निघाला. लेखकाला कळवलं, तो अंक पाठवा, आमच्या संग्रहात नाही.

यंत्राची मदत घेतली तर तसं लिहावं, एवढंच आमचं म्हणणं आहे. परीक्षकांना मात्र सक्त मनाई आहे. न छापलेला लेख गोपनीय असतो, तो कुठल्याही चॅटच्या खिडकीत चिकटवायचा नाही.

मुलांची नावं, फोटो, पालकांची संमती, शाळेची परवानगी हेही याच वेळी बघते. तक्त्यात मुलाच्या नावापुढे ‘मंद’ असा शेरा असलेला लेख अलीकडेच आला होता. तो आम्ही परीक्षकाकडेसुद्धा पाठवला नाही, आधी नाव काढायला लावलं.

सायंकाळी ६.३०

औरंगपुऱ्यात डीटीपीवाल्या काकांकडे प्रुफं. साहित्य महामंडळाचे अठरा शुद्धलेखन नियम त्यांना पाठ आहेत, मला शंका आली की त्यांनाच विचारते. फाँट बदलताना ‘दुसऱ्या’चा रफार होऊन ‘दुसर्या’ झालेला असतो, तो शोधणं हे आजचं काम. तक्ते ते परत टाइप करत नाहीत, लेखकाचे जसेच्या तसे उचलतात, हे मी मुद्दाम ठरवून घेतलं आहे. टाइप करताना २० चे ३३ झाले असते तर तेरा मुलांचा प्रश्न कुणालाच पडला नसता.

रात्री ८.००

घरून निर्णयपत्रं लिहिते. नकाराचं पत्र सगळ्यात आधी. नकार लवकर मिळाला तर माणूस लेख सुधारून दुसरीकडे पाठवू शकतो. सहा महिने काहीच न कळवणाऱ्या नियतकालिकांनी लेखकांना तीन दिवसांवाल्यांच्या दारात ढकललं आहे, हा आमच्या जमातीचा दोष आहे आणि तो यूजीसीवर ढकलता येणार नाही.

बीडच्या शिक्षकांना दोन्ही परीक्षणं पाठवली, पाच ओळींचं आणि तीन पानांचं. दुरुस्तीसाठी दोन महिने दिले आहेत, कारण परत आलेल्या मुलांचं वाचन त्यांना पुन्हा तपासायचं आहे.

पुढच्या अंकासाठी लेख पाठवणाऱ्यांनी युनिकोडमधली फाइल, मूळ चाचणी आणि नावं काढलेली गुणांची यादी सोबत जोडावी. मुलं गळाली असतील तर किती आणि का ते लिहावं, त्याने लेख नाकारला जात नाही. आणि परीक्षक हवे आहेत, शाळेत शिकवणारे असतील तर आधी. वर्षाला तीन-चार लेख येतील, एकेका लेखाला एक संध्याकाळ जाईल. मानधन नाही, अंक घरपोच मिळेल.